जलसा चावडीपुढे आला पाहिजे

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर 18 ऑक्टोबर 1973 रोजी ‘रेझिन’ नावाचे एक संगीत नाटक आले. शिकागो शहराच्या दक्षिण भागात, भाड्याच्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्या यंगर नावाच्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाची ती कहाणी. आयुष्यभर राबून मेलेल्या बापाच्या विम्याचे दहा हजार डॉलर घरात येतात. आजीला त्यातून घर घ्यायचे आहे, मुलाला धंदा काढायचा आहे, मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, आणि नातवाला झोपायला स्वतःची अशी खोली नाही. आजी घर घेते, पण ते गोऱ्यांच्या वस्तीत. मग त्या वस्तीचा एक प्रतिनिधी येतो. तो शिवीगाळ करीत नाही, धमकी देत नाही. अत्यंत सभ्य भाषेत तो सांगतो की, तुम्ही येथे राहावयास येऊ नये, त्याबद्दल आम्ही तुम्हाला घराच्या किमतीहून अधिक रक्कम देऊ. मुलाने उरलेला पैसा एका लबाड मित्राच्या हाती घालविलेला असतो. घरात दमडी नसते. तरीही हे कुटुंब तो सौदा नाकारते आणि सामान बांधून नव्या घराकडे निघते.

या नाटकामागे दोन पिढ्यांचा खरा इतिहास आहे. मूळ गद्य नाटक लोरेन हॅन्सबेरी या तरुण लेखिकेने लिहिले आणि ते 1959 साली रंगभूमीवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले नाटक ब्रॉडवेवर येण्याची ती पहिलीच वेळ होती. लोरेनच्या लहानपणी, 1937 साली, तिच्या वडिलांनी शिकागोतील गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले होते. जमावाने त्या घरावर हल्ला केला, आणि वस्तीतील गोऱ्या मालकांनी आपापसांत केलेल्या वर्णभेदी कराराचा आधार घेऊन कुटुंबाला कोर्टात खेचले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1940 साली हॅन्सबेरी कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला खरा, परंतु तो तांत्रिक मुद्द्यावर. असे करार मुळातच अन्याय्य आहेत, हे म्हणण्याचे न्यायालयाने टाळले. बापाला न्यायालयात जे अर्धेच मिळाले, ते मुलीने रंगमंचावर पुरतेपणी मांडले. ती 1965 साली अवघ्या 34 व्या वर्षी मरण पावली. तिच्या मागे त्या कथेला संगीत लाभले, 1974 साली सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार मिळाला, आणि ब्रॉडवेवर त्याचे 847 प्रयोग झाले.

अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कार्यकर्त्याने शिकागोच्या त्या घराची चौकशी का करावी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, हे नाते आजचे नाही. अमेरिकन मिशनचे लोक 1831 साली नगरला आले. मिस फरार यांनी येथे चालविलेली मुलींची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांना 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. पुढे 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिताना त्यांनी तो ग्रंथ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. दलित पँथरने 1972 साली अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेतले तेव्हा अनेकांना ती परकी नक्कल वाटली. ती नक्कल नव्हती. शंभर वर्षांपूर्वी जोतीरावांनी मारलेल्या हाकेला दिलेला तो प्रतिसाद होता.

तेव्हा प्रश्न असा की, यंगर कुटुंबाची कहाणी जशी गाण्यांतून आणि संवादांतून एका राष्ट्राच्या प्रमुख रंगमंचावर उभी राहिली, तशी आपल्याकडील दलित कुटुंबाची तीन पिढ्यांची कहाणी कोठे उभी राहिली? दत्ता भगत यांनी ‘वाटा-पळवाटा’ या नाटकातून आंबेडकरी चळवळीच्या तीन पिढ्या एका घरात समोरासमोर आणल्या, हे त्यांचे मोठेच काम. परंतु ते गद्य नाटक, आणि त्याचा प्रेक्षक शहरी. गाणे, ढोलकी आणि संवाद यांतून न्यायाचा प्रश्न गावकऱ्यांपुढे मांडणारा आपला स्वतःचा रंगप्रकार निराळाच आहे. त्याचे नाव जलसा. आणि त्याची आज जी अवस्था आहे, तिला काही अंशी आपणही जबाबदार आहोत, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

जलशाचा उगम तमाशात. तमाशाचा गण, गवळण, बतावणी आणि वग ही बांधणी लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. सत्यशोधकांनी ती उचलली आणि तिच्यातला आशय बदलला. भिक्षुकशाही, सावकारी, निरक्षरता हे विषय ढोलकीच्या तालावर बोलू लागले. नगर जिल्ह्यात सत्यशोधकी विचाराची मुळे किती खोल गेली होती, हे मुकुंदराव पाटील यांच्या ‘दीनमित्र’वरून कळते. 1910 साली सुरू झालेले हे पत्र त्यांनी नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून अनेक दशके चालविले. ज्याला वाचता येत होते त्याच्यासाठी दीनमित्र होता. ज्याला येत नव्हते त्याच्यासाठी जलसा होता.

त्यानंतर आंबेडकरी जलसा आला. नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी यांनी 1930 नंतरच्या दशकात तो गावोगाव नेला. मृत जनावरे ओढण्याचे काम सोडा, मुलांना शाळेत घाला, वतनाच्या तुकड्यापायी गावकी करू नका, हा संदेश ज्या वस्त्यांत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते त्या वस्त्यांत रात्रभर गाऊन पोहोचविला गेला. बाबासाहेबांनी 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, आणि 1937 च्या निवडणुकीत त्या पक्षाचे प्रभाकर रोहम नगर जिल्ह्यातून निवडून आले. त्या पक्षाच्या लाल झेंड्याखाली शेतकरी, कामगार आणि अस्पृश्य एकत्र येऊ शकतात, हे 7 नोव्हेंबर 1938 च्या मुंबईतील संपाने दाखवून दिले. औद्योगिक कलहाच्या काळ्या विधेयकाविरुद्ध त्या दिवशी आंबेडकर आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर उभे होते. ती एकजूट टिकली असती तर महाराष्ट्राचा पुढचा इतिहास काही वेगळा झाला असता, असे म्हणण्यास जागा आहे.

या इतिहासात नगर जिल्ह्याचे आणखी एक देणे आहे, आणि ते बहुधा विसरले जाते. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती पवळा संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावची, महार समाजातली. पठ्ठे बापूरावांच्या लावण्या तिच्या गळ्याने महाराष्ट्रभर नेल्या. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळालेल्या पैशावर अस्पृश्यांची मुक्ती उभारायची नाही, हा त्यामागील विचार होता, आणि स्वाभिमानाच्या त्या घडीला तो योग्यच होता. परंतु या निर्णयाची दुसरी बाजूही आज प्रांजळपणे पाहिली पाहिजे. जलशाने शृंगार हद्दपार केला, त्याबरोबर गाणारी स्त्रीही हद्दपार झाली. तिची भूमिका पुरुष करू लागले. जिच्या गळ्याने ही कला जगविली होती, तिला मुक्तीच्या रंगमंचावर जागा उरली नाही. ‘रेझिन’चा सारा भार वृद्ध आजीच्या भूमिकेवर आहे, आणि ती करणाऱ्या व्हर्जिनिया केपर्स या अभिनेत्रीला टोनी पुरस्कार मिळाला. आपल्या जलशातली आजी कोठे आहे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

आता इतिहासाकडून वर्तमानाकडे येऊ. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव हे गाव साखर कारखानदारीमुळे आणि खंडकऱ्यांच्या लढ्यामुळे आपल्या वाचकांना परिचित आहे. याच हरेगावात डिसेंबर 1939 मध्ये महार, मांग आणि वेठिया या वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिला मार्गदर्शन करण्यास आले होते. गावाची वेठ करायची, सरकारी कामगाराची चाकरी करायची, आणि त्याच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीच्या तुकड्यावर वाढीव जुडीही भरायची, या दुहेरी पिळवणुकीविरुद्ध ती परिषद होती. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा होण्यास 1958 साल उजाडावे लागले. आणि त्याच हरेगावात, ऑगस्ट 2023 मध्ये, शेळी व कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारहाण करण्यात आली. दोन घटनांमध्ये 84 वर्षांचे अंतर आहे. 1939 च्या परिषदेला जो तरुण हजर असेल, त्याच्या पणतूच्या वयाची ही मुले.

हरेगाव एकटे नाही. नेवासे तालुक्यातील सोनई येथे 1 जानेवारी 2013 रोजी तीन दलित तरुणांची हत्या झाली. तो खटला नाशिकला चालला आणि जानेवारी 2018 मध्ये सहा आरोपींना फाशीची शिक्षा ठोठावली गेली. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल 2014 मध्ये शाळेत शिकणाऱ्या एका दलित मुलाला हाल करून मारण्यात आले. संशय होता तो एका सवर्ण मुलीशी मैत्रीचा. त्या खटल्यात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले.

‘फितूर साक्षीदार’ हा कचेरीतला शब्द आहे. त्यामागे एक जिताजागता माणूस असतो, आणि तो गावातच राहतो. त्याचे शेत त्याच शिवारात असते, त्याचे दूध त्याच संस्थेला जाते, त्याची मुलगी त्याच वाटेने शाळेला जाते. त्याने जे पाहिले ते सांगण्यापूर्वी तो गावाच्या तोंडाकडे पाहतो. गाव गप्प असेल तर तोही गप्प बसतो. कायद्याने दिलेले संरक्षण आवश्यक आहे, त्याबद्दल वाद नाही, आणि ते मिळावे म्हणून लढलेच पाहिजे. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा राबविला जातो की नाही, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु ज्या गावात सर्वांदेखत खरे बोलण्याची एकही जागा नाही, त्या गावातला एकटा माणूस न्यायाधीशापुढे खरे बोलेल, ही अपेक्षा कोणत्या आधारावर धरायची? साक्ष देण्याची सवय न्यायालयाच्या पिंजऱ्यात लागत नाही. ती आधी गावात लागावी लागते.

जलशाचे खरे महत्त्व येथे आहे. जलसा म्हणजे उघड्यावर, सर्वांसमक्ष दिलेली साक्ष. गावातल्या अन्यायाचे नाव घेऊन ती दिली जाते, आणि ढोलकीचा आवाज कोणाच्याही वाड्याच्या भिंतीला थांबत नाही. वतनाची जमीन कोणाच्या नावावर चढली, पाणवठ्यावर कोणी कोणाला अडविले, मोर्चा निघाला तेव्हा कोण दार लावून बसले, हे सारे त्यात येऊ शकते. सात-बाराच्या उताऱ्यात हे लिहिलेले नसते, न्यायालयाच्या निकालपत्रातही बहुधा नसते. ते एका पिढीकडून दुसरीकडे गाण्यातूनच जाते. अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवारांनी 1978 साली ‘बलुतं’ लिहून हेच काम गद्यात केले, आणि सुशिक्षित महाराष्ट्र हादरला. परंतु पुस्तक बंद करून कपाटात ठेवता येते. समोर बसून ऐकलेला वग कपाटात ठेवता येत नाही.

मग आज जलसा कोठे आहे? 14 एप्रिलच्या रात्री भीमगीतांचे कार्यक्रम होतात, त्यांना गर्दीही होते. परंतु ते होतात वस्तीत, ऐकतात वस्तीतले, आणि अलीकडे ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहू लागल्यापासून शब्द ऐकू येणेही दुर्मिळ झाले आहे. ज्याला हे सर्व आधीच ठाऊक आहे, त्यालाच पुन्हा सांगितले जाते. ज्याने ऐकणे आवश्यक आहे, तो आपल्या घरी स्वस्थ झोपलेला असतो. यंगर कुटुंबाचे नाटक फक्त दक्षिण शिकागोत झाले असते तर त्याचा एवढा परिणाम झाला असता काय? गोऱ्या प्रेक्षकाला त्या सभ्य प्रतिनिधीच्या जागी स्वतःला पाहावे लागले, ही त्या नाटकाची शक्ती होती.

आणि आपण काय केले? येथे थोडे आत्मपरीक्षण आवश्यक आहे. डाव्या चळवळीने शाहिरांना मोठे केले, हे खरे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाल बावट्याच्या कलापथकांनी केलेले काम कोणी नाकारू शकणार नाही. परंतु सभांतून शाहिराचे स्थान कोणते असते? पुढारी येईपर्यंत गर्दी धरून ठेवणे. मोटार आली की शाहिराला खूण केली जाते, चौथे कडवे अर्धवट राहते, आणि भाषण सुरू होते. त्याहून गंभीर दोष असा की, जातीचा प्रश्न वर्गाच्या लढ्यानंतर आपोआप सुटेल, असे आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे मानले. खंडकऱ्यांच्या जमिनीसाठी जो आवाज उठला, त्याच्या निम्म्याने तरी वतनी जमिनीसाठी उठला काय, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला आणि लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्या माणसांची नावे आपल्या किती कार्यकर्त्यांना सांगता येतील?

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. जुन्या जखमा उकरून काढल्या तर शेतमजुरांची एकजूट फुटेल, असे काही मित्र मनापासून म्हणतात. त्यांच्या हेतूविषयी शंका नाही. परंतु ज्या एकजुटीत एका भागीदाराने आपल्या आजोबांची गोष्ट सांगायची नाही अशी अट असते, ती एकजूट नसून शिस्तीत पाळलेले मौन असते. ऊसतोडीच्या एकाच टोळीत राबणारे दोन मजूर गावी परतल्यावर दोन वेगळ्या स्मशानांत जाणार असतील, तर फडावरचा त्यांचा बंधुभाव कितीसा टिकणार? हे उघड बोलूनच एकजूट पक्की होते. दुसरा आक्षेप कलेचा. प्रचाराने कला मरते म्हणतात. ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ हे लोकनाट्य 2012 साली आले. जालन्याकडील ग्रामीण कलावंतांनी, संभाजी भगतांच्या कल्पनेवर आणि राजकुमार तांगडे यांच्या लेखणीवर ते उभे केले, आणि तिकीट काढून आलेल्या सर्व जातींच्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. विचार खरा असेल आणि गाणे पक्के असेल तर लोक येतात.

तेव्हा करायचे काय? आपल्या जिल्ह्यात एक वग उभा राहावा, असा प्रस्ताव येथे मांडावासा वाटतो. त्यात एकाच घरातल्या तीन पिढ्या असाव्यात. आजोबा 1939 साली हरेगावच्या परिषदेला चालत गेलेले. बाप 1964 च्या सत्याग्रहात तुरुंग पाहून आलेला. नातू आजचा, पदवी घेतलेला, कारखान्याच्या दारात हंगामी कामासाठी उभा असलेला. आणि या तिघांनाही धरून ठेवणारी आजी, जी गाते. ती भूमिका स्त्रीनेच करावी, आणि पवळेच्या गावी, हिवरगावात, पहिला प्रयोग व्हावा. कलावंतांना मजुरी मिळावी, कारण कलेच्या नावाखाली फुकट राबविणे हीसुद्धा वेठच आहे. प्रयोगानंतर कोणाचेही भाषण होऊ नये. पुढाऱ्यांनी खाली, सतरंजीवर बसून ऐकावे.

सर्वांत महत्त्वाची अट जागेची. हा वग वस्तीत होऊ नये, चावडीपुढे व्हावा. ते सोपे नाही, याची जाणीव आहे. गावची मंडळी म्हणतील, जत्रेत करमणुकीचा तमाशा आणा, हे कशाला? सोसायटीची निवडणूक जवळ आलेली असेल. भावकीतले लोक घरी येऊन समजावतील, सोयरीक मोडण्याची भाषा होईल. कदाचित कोणी शिकागोच्या त्या प्रतिनिधीप्रमाणे अत्यंत सभ्यपणे सांगेल की, खर्च आम्ही देतो, कार्यक्रम तेवढा पलीकडे करा. आपला सवर्ण कार्यकर्ता येथे कसोटीला लागणार आहे. दलित वस्तीत जाऊन भाषण करणे त्याला अवघड नसते. आपल्याच आळीत, आपल्याच चुलत्यापुढे सतरंजी अंथरून जलशाला जागा करून देणे, यात त्याच्या समाजवादाची परीक्षा आहे. परवानगीसाठी त्याने सही करावी, रात्री तो पुढच्या रांगेत बसावा, आणि पुढे कधी गावात काही विपरीत घडले तर त्याने न्यायालयात उभे राहून पाहिलेले सांगावे.

यंदाचा गळीत हंगाम संपला की पाथर्डी, जामखेड, शेवगावकडील ऊसतोड कुटुंबे गावी परततात. हंगाम संपल्यापासून पाऊस सुरू होईपर्यंतचे दिवस गावात माणसे सापडण्याचे असतात. तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी त्या दिवसांकरिता प्रत्येकी एक गाव आतापासून निश्चित करावे, आणि त्या गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांकडे बसून त्यांच्या घरची हकीगत लिहून घ्यावी. वगाचे कथानक तेथेच मिळेल. हरेगावच्या परिषदेविषयी ज्यांनी घरात ऐकले, अशी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. त्यांच्याकडे जायचे तर ते याच वर्षी जाणे आवश्यक आहे.